कच्ची वही, पक्की वही

सोमवार, ६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी आजपासून रोज लिहायला सांगितलं आहे. किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का, दुखलं किती, काय खाल्लं. एवढंच. "कादंबरी नको," असंही म्हणाल्या. मी लिफ्टचा तपासनीस आहे. बावीस वर्षं अहवाल लिहितोय, माझ्याकडून कादंबरी होण्याची भीती नाही.

कामावरचीच एक निळ्या पुठ्ठ्याची वही घेतली. ही कच्ची. डॉक्टरीणबाईंना दाखवायला दुसरी, पक्की. आमच्या खात्यात हीच पद्धत आहे. लिफ्टच्या टपावर उभं राहून ग्रीसच्या हातांनी लिहायची ती कच्ची, टेबलावर बसून नीट उतरवायची ती पक्की. कच्ची कोणी बघायला मागत नाही, त्यामुळे तिच्यात काहीही लिहिता येतं.

आजाराची हकीकत : मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, भरतात, पुन्हा होतात. सतरा वर्षं झाली. गोळ्या झाल्या, स्टेरॉइड झाली, दोन प्रकारची इंजेक्शनं झाली. आता एक नवी गोळी आली आहे, तिला सहा आठवडे द्यायचे. तरी दिवसाला सहा किंवा जास्त वेळा जावं लागत राहिलं तर बोलणी बंद आणि ऑपरेशन. सहाच्या आत राहिलं तर गोळी चालू. ऑपरेशन म्हणजे मोठं आतडं काढून टाकायचं, लहान आतड्याचं टोक पोटाला भोक पाडून बाहेर आणायचं आणि त्यावर पिशवी चिकटवायची.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वार्षिक तपासण्या जूनपर्यंत आहेत, त्यानंतर बघू. "आतड्याला जून कळत नाही हो," त्या म्हणाल्या. बायको शेजारी बसली होती, मांडीवर शाळेतल्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन.

बुधवार, ८ फेब्रुवारी

आठ वेळा. पक्क्या वहीत पाच.

हे खोटं नाही, मोजण्याची पद्धत आहे. लिफ्ट तळमजल्यावरून निघते, तिसऱ्यावर थांबते, पाचव्यावर थांबते आणि सातव्यावर जाऊन रिकामी होते. आमच्या हिशेबी ही फेरी एकच. मधल्या मजल्यावर थांबली म्हणून दुसरी होत नाही. सकाळी सहाला, सहा दहाला आणि सहा पंचवीसला गेलो ती एकच फेरी, तीन थांब्यांची. दुपारच्या दोन अर्ध्या तासाच्या आत होत्या, तीही एकच. डॉक्टर लोकांनी फेरी म्हणजे काय याची व्याख्याच केलेली नाही. आमच्या खात्यात असला गलथानपणा खपत नाही.

आमच्या संडासाच्या खिडकीत काडेपेटी असते. बाहेर येण्याआधी एक काडी ओढायची आणि विझवायची. वासावर एवढा साधा उपाय दुसरा नाही. संध्याकाळी बायकोनं नवी पेटी आणली. "दुकानदार विचारत होता, साहेबांनी सिगारेट सुरू केली का," म्हणाली. मी म्हटलं, हो म्हणून सांग. तिला हसू आलं नाही. पेटी हातात धरून पेन्सिल शोधत होती, बहुधा सामानाची यादी करायची असेल.

बुधवार, १५ फेब्रुवारी

नऊ. पक्क्या वहीत पाच.

यंदाचं तपासणीचं वेळापत्रक मी इमारतींच्या वयानुसार न लावता संडासांनुसार लावलं आहे. ऑफिसात अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. आजची इमारत मात्र टाळता येण्यासारखी नव्हती. सात मजली, जुनी, मशीनरूम गच्चीवर.

दोर तपासायची रीत साधी आहे. लिफ्टच्या टपावर उभं राहून तिला अगदी हळू खाली न्यायचं आणि पोलादी दोरावर सुती फडकं धरायचं. तुटलेली तार फडक्याला अडकते. तिथं थांबून मोजायचं. एका पिळाच्या लांबीत बारा तारा तुटलेल्या निघाल्या की आमच्या नियमात दोर बाद. मी मोजल्या, सतरा निघाल्या.

या लिफ्टची देखभाल एक मेकॅनिक करतो. सगळे त्याला पाना म्हणतात, मीही पानाच म्हणतो. त्याचं रजिस्टर उघडलं. गेले पाच महिने : अकरा, अकरा, अकरा, अकरा, अकरा.

"अकरावर येऊन तारा तुटायच्या थांबल्या का रे?"

"साहेब, काही अगदी शेजारी शेजारी होत्या. त्या एकच धरल्या."

"कोणी शिकवलं हे?"

"शिकवलं कोणी नाही. बारा लिहिलं की लिफ्ट बंद. वर सातव्यावर सेक्रेटरीबाईंचे मिस्टर आहेत, चाकाच्या खुर्चीवर. ते उतरणार कसे?"

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, दोराला तुझी दयामाया कळत नाही. मोजणी दोराची असते, आपल्या मनाच्या समाधानाची नसते. तो मान खाली घालून फडकं पिळत राहिला. असल्या माणसांची मला मनापासून चीड येते. आकडा लिहायचा तर आहे तो लिहावा, नाहीतर रजिस्टर ठेवूच नये.

लिफ्टला सील ठोकलं. लगेच पोटात कळ आली आणि सेक्रेटरीबाईंच्याच घरी संडास मागावा लागला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. दार उघडून बाजूला झाल्या, पण मी बाहेर येईपर्यंत तिथंच उभ्या होत्या.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

नऊ. पक्क्या वहीत पाच.

सेक्रेटरीबाईंचा फोन. "पण ती चालतेय ना?"

"चालतेय म्हणूनच आता बंद केली. तुटल्यावर माझं काम नसतं, पोलिसांचं असतं."

"महिनाभर तरी थांबा. यांचे दात दुखतायत, डॉक्टरची वेळ घेतली आहे."

"बाई, दोर आपण आपल्या सोयीनं बदलावा. नाहीतर तो त्याच्या सोयीनं बदलायला लावतो."

हे वाक्य मला स्वतःलाच आवडलं. नव्या तपासनिसांच्या वर्गात सांगायला बरं पडेल म्हणून इथं टिपून ठेवलं.

रविवार, १९ फेब्रुवारी

सात. पक्क्या वहीत पाच.

हॉस्पिटलनं दिलेली पुस्तिका वाचली. मुखपृष्ठावरचा माणूस समुद्रकिनाऱ्यावर पळतोय आणि हसतोय. पोटाला पिशवी लावून एवढं हसण्यासारखं काय झालं ते आत कुठं दिलेलं नाही.

मला भीती वाटते. कच्च्या वहीत लिहायला हरकत नाही. ऑपरेशनची नाही, भूल दिल्यावर आपला काही संबंध उरत नाही. भीती पिशवीची. पुस्तिकेत म्हटलंय की तिथून कधी कधी आवाज येतो आणि त्यावर आपला ताबा नसतो. लिफ्टमध्ये चार माणसं, दार बंद, सगळे दारावरच्या आकड्यांकडे बघतायत, कोणी चकार शब्द काढत नाही, आणि माझ्या पोटातून आवाज. माझी हयात त्या डब्यात गेली आहे. तिथं किती शांत असतं ते मला ठाऊक आहे.

बायकोला विचारलं, तुला काय वाटतं? "तुम्ही वहीत काय लिहिता त्यावर आहे ते," म्हणाली आणि पेपर तपासायला लागली. काडेपेटी संपली होती. तिनं नवी ठेवली.

सोमवार, २७ फेब्रुवारी

आठ. पक्क्या वहीत पाच.

आज सर्जनकडे. फक्त ओळखीपुरतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. माणूस माझ्यापेक्षा लहान, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. माझ्याशी बोलताना तो बायकोकडे बघत होता.

"हे ऑपरेशन दोन प्रकारे होतं," तो म्हणाला. "एक, आपण तारीख ठरवतो. तुम्ही तुमच्या पायांनी येता, अंगात रक्त असतं, स्टेरॉइड कमी करत आणलेलं असतं. दुसरं, तुम्हाला स्ट्रेचरवरून आणतात, आतडं फुगलेलं किंवा फाटलेलं असतं. काढायचं तेच आतडं. पण दुसऱ्या प्रकारात मला बाहेर येऊन तुमच्या मिसेसशी फार सांभाळून बोलावं लागतं."

मी विचारलं, नक्की कधी करायचं ते कशावरून ठरवता? म्हणाला, "फाटायच्या आधी. पण आधीचा दिवस दाखवणारं यंत्र माझ्याकडे नाही." निदान आमच्याकडे फडकं तरी आहे.

मग त्यानं पक्की वही चाळली. "पाच, पाच, पाच. हे तर चांगलं आहे. पण वजन पाच किलो उतरलंय आणि हिमोग्लोबिन नऊ. पाचाशी याचा मेळ बसत नाही."

मी म्हटलं, भूक कमी झाली आहे.

परत येताना बायकोनं विचारलं, "तुमच्या खात्यात रजिस्टरं कोण तपासतं?"

"मी."

"आणि तुमचं?"

"माझं कोण कशाला तपासेल?"

तिनं मान हलवली आणि बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसली. शाळेत परीक्षा जवळ आल्या की ती अशी गप्प होते.

शुक्रवार, ३ मार्च

अकरा. पक्क्या वहीत पाच. अर्ध्या तासाची मर्यादा आता पाऊण तास केली आहे. हल्ली दोन थांब्यांमध्ये बसून राहावं लागतं, त्यामुळे जुनी मर्यादा वस्तुस्थितीला धरून राहिली नव्हती. जिना चढताना दम लागतो.

शनिवार, ११ मार्च

हॉस्पिटल. गुरुवारची हकीकत आज लिहितो.

नवे दोर आले होते. ते चढवण्याची तयारी बघायला त्या सात मजली इमारतीत गेलो. लिफ्ट बंद, सील माझंच, म्हणून गच्चीपर्यंत पायी. पाना सोबत होता. मशीनरूमच्या दारात कळ आली आणि सावरेपर्यंत पँट खराब झाली. पाहिलं तर बाकी काही नव्हतं, नुसतं रक्त. मी पानाला म्हटलं, मोटरवरच्या पट्टीवरचा नंबर वाच. त्यानं वाचला. मी तो लिहून घ्यायला वही काढली आणि मग खाली बसलो. पुढचं त्याच्याकडून कळलं.

सेक्रेटरीबाईंच्या मिस्टरांनी आपली खुर्ची दिली. त्यांना उचलून सोफ्यावर ठेवलं आणि मला खुर्चीत. पाना पुढून आणि वॉचमन मागून, असं सात मजले खाली आणलं. प्रत्येक मजल्यावर टेकले. थांबे सात, फेरी एक. चौथ्या मजल्यावर खुर्चीचा पाय ठेवायचा दांडा कठड्यावर आपटून वाकला. निघताना मिस्टर म्हणाले होते, "खुर्ची परत आणा. मला दुसरे पाय नाहीत."

एवढं मात्र मला आठवतं : पानानं अंगातलं जाकीट काढून माझ्या मांडीवर पसरलं, कोणाला काही दिसू नये म्हणून. तीन आठवड्यांपूर्वी मी याच माणसाला झापलं होतं. त्याचं एक अक्षरही त्यानं काढलं नाही. मला लाज वाटली.

सोमवार, १३ मार्च

सकाळी डॉक्टरीणबाई पक्की वही घेऊन आल्या. "यात बुधवारपर्यंत पाच आहे. पाच वेळा जाणारा माणूस असा येत नाही."

मी त्यांना फेरी आणि थांबा यातला फरक समजावून सांगितला. अर्धा तास, पाऊण तास, सगळं. शेजारच्या खाटेवरचा रेल्वेचा कारकून खायचा थांबून ऐकत होता.

बायकोनं पर्समधून काडेपेट्या काढल्या. सहा, रिकाम्या. त्या पलंगाच्या टेबलावर उलट्या मांडल्या. प्रत्येकीच्या तळावर पेन्सिलीनं तारीख. आठ फेब्रुवारी, चौदा, एकोणीस, चोवीस, एक मार्च, पाच मार्च.

"पेटी उघडली त्या दिवशीची तारीख आहे," ती म्हणाली. "प्रत्येकीत चाळीस काड्या. मी मोजून घेतल्या होत्या. मी काडी ओढत नाही, हेच ओढतात. पहिली सहा दिवस पुरली, शेवटची चार. या नुसत्या घरातल्या. कामावरचं मला माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तोंडीच भागाकार केला. मग पक्की वही मिटून टेबलावर ठेवली.

मला संताप आला. घरात महिनाभर माझी तपासणी चालली होती आणि मला पत्ता नाही. त्या गेल्यावर मी विचारलं, "एवढं कळत होतं तर आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही लिहीत होता ना. मला वाटायचं, आज खरं लिहितील, उद्या लिहितील." मग म्हणाली, "चुकलंच माझं. पहिल्याच पेटीला बोलायला हवं होतं."

आणि बाहेर गेली. मला वाटलं चहा आणायला गेली असेल. बऱ्याच वेळानं आली ती रिकाम्या हातांनी, तोंड धुऊन. चहाचं मशीन बंद असणार.

शुक्रवार, १७ मार्च

सहा. सलाईनमधून दिलेल्या स्टेरॉइडनं ओढून आणलं. उद्या घरी सोडतायत.

सर्जन येऊन गेला. "आता उसंत मिळाली आहे," म्हणाला. "किती दिवसांची ते सांगता येत नाही, पण तीन आठवडे धरू. या उसंतीत करून घ्यायचं की आणखी एक इंजेक्शन आहे ते घेऊन बघायचं, ते तुम्ही सांगा. इंजेक्शन लागू पडेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नाहीच पडणार असंही म्हणणार नाही."

"विचार करून सांगतो."

"कधीपर्यंत?"

मी जून म्हणणार होतो. बायको समोर होती म्हणून म्हटलं नाही.

मंगळवार, २१ मार्च

पाच. खरे पाच.

पक्की वही बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढे कच्चीच आणा. म्हणजे हे सगळं त्या वाचणार. वाचा बापड्या.

बरं वाटतंय. भूक लागते, जिना चढवतो. दोन महिन्यांत प्रथमच सलग चार तास झोपलो. बरं वाटत असताना कोण पोट कापून घेतं? बायकोला तसं म्हणालो. ती म्हणाली, "मी आता काही बोलणार नाही. पेट्यासुद्धा मोजणार नाही. तुम्ही ठरवा." मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

शनिवार, २५ मार्च

पाच.

नवे दोर चढले. सहकाऱ्यानं तपासून सील काढलं. पानाचा फोन आला, "साहेब, जुन्या दोराचा तुकडा ठेवलाय तुमच्यासाठी." बाद केलेला दोर मी नेहमी उघडून बघतो, हे त्याला माहीत आहे. टॅक्सीनं गेलो.

सेक्रेटरीबाईंच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोर ठेवला होता. मिस्टर खुर्चीवर. वाकलेला दांडा दोरीनं बांधलेला, त्यांचा एक पाय अधांतरी लोंबकळत होता. पानानं आणि मी दोन्ही टोकं पकडींत धरून पीळ उलटा फिरवला. असा फिरवला की दोर मोकळा होतो आणि आतलं दिसतं.

आतलं तेल शाबूत होतं. आतल्या तारा चकचकीत होत्या, गंजाच्या लाल भुकटीचा कणही नव्हता. तुटलं होतं ते सगळं वरवरचं. हा दोर आणखी वर्षभर चालला असता, कदाचित दोन वर्षं. मी तसं सांगून टाकलं. पानानं माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

"म्हणजे थांबता आलं असतं?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"हो."

"पाच आठवडे यांनी जमीन पाहिली नाही. दात तसाच दुखतोय."

"हो."

"मग चुकलं की तुमचं."

"नाही."

"असं कसं? आत्ताच म्हणालात ना?"

मला नीट सांगता येईना. म्हटलं, आत किती शिल्लक आहे ते उघडल्यावरच कळतं, आणि उघडलेला दोर परत लावता येत नाही. वेळेवर काढलेल्या प्रत्येक दोरात काही ना काही शिल्लक निघतंच. काहीच शिल्लक नव्हतं असे दोर मी नोकरीत दोनदा पाहिले. ते लिफ्टच्या खड्ड्याच्या तळाशी पाहिले, तेव्हा तिथं आणखीही बरंच काही पडलेलं होतं. मिस्टर म्हणाले, "चहा टाक त्यांना."

वाकलेला दांडा सरळ करून देईन असं पाना म्हणाला. मी लिफ्टनं खाली आलो. टॅक्सीत बसल्यावर सर्जनला फोन लावला. त्याच वेळी का लावला ते सांगता येणार नाही, सिग्नल लागला होता आणि हातात फोन होता. त्यानं सहा एप्रिल दिली.

घरी सांगितलं. बायको "बरं" म्हणाली आणि लगेच रजेचा अर्ज लिहायला बसली. दोनदा तारीख चुकली. गणिताच्या बाई असून.

बुधवार, ५ एप्रिल

चार.

आज दाखल झालो. पिशवीची जागा ठरवायला एक नर्स आली. उभं राहा, बसा, वाका म्हणाली. कमरेचा पट्टा नेहमी कुठं येतो ते दाखवा म्हणाली. मी हत्यारांचा पट्टा आणि उंचीवर बांधायचा पट्टा, दोन्ही पिशवीत घालून आणले होते. तिला हसू आवरेना. "पट्टे घेऊन आलेला पहिलाच पेशंट," म्हणाली. मग मला स्टुलावर चढायला लावलं, टपावर चढतो तसं, आणि दोन्ही पट्ट्यांच्या मधली जागा शोधून पेननं फुली मारली. काम चोख होतं. मी दोन वेळा तपासून घेतलं.

भीती होती तेवढीच आहे. बायको रात्री थांबणार होती, मी घरी पाठवलं. जाताना तिनं फुली बघायला मागितली. बघितली आणि शर्टाचं बटण लावून दिलं.

रविवार, ७ मे

घरी येऊन तीन आठवडे झाले. पहिले काही दिवस लिहिण्यासारखे नव्हते. पिशवी दोनदा सुटली, एकदा अंथरुणात. मी ओरडलो. बायकोनं चादर बदलली.

परवा सर्जननं आतड्याचा रिपोर्ट वाचून दाखवला. कर्करोग नाही. एका ठिकाणी भिंत झिजून पातळ झाली होती. किती पातळ, मी विचारलं. त्यानं बोटं एकमेकांजवळ आणली, पुरेसं वाटेना म्हणून आणखी जवळ आणली. किती दिवस चाललं असतं ते मी विचारलं नाही. बायकोनं विचारलं. तो म्हणाला, सांगता येणार नाही. तिनं पुन्हा विचारलं, "म्हणजे तुमच्या मते आपण घाई नाही ना केली?" तो नाही म्हणाला. तेव्हा तिनं खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली. दोन महिने ती खुर्चीच्या टोकावर बसत होती हे मला तेव्हा कळलं.

काडी अजून ओढावी लागते, पिशवी रिकामी करताना. आज संडासातली पेटी सहज उलटून पाहिली. तळावर तारीख नव्हती. कचऱ्याच्या डब्यातली रिकामी पेटी काढून पाहिली, तिच्यावरही नव्हती.

शुक्रवार, १६ जून

आजपासून अर्धा दिवस कामावर. जड उचलायचं नाही, टपावर चढायचं नाही.

दुपारी पाना भेटला. खुर्चीचा दांडा सरळ करून, रंग देऊन आणला होता. "चला साहेब, तुम्हीच लावा." दोघं सातव्या मजल्यावर गेलो. त्यानं धरला, मी स्क्रू बसवले. मिस्टरांनी पाय ठेवून पाहिला आणि म्हणाले, "खाली जाऊ."

लिफ्टमध्ये आम्ही चौघं. खुर्चीवर मिस्टर, मागे सेक्रेटरीबाई, बटणांपाशी पाना, कोपऱ्यात मी. दार लागलं. सगळे आकड्यांकडे बघायला लागले. सहा. पाच. आणि माझ्या पोटातून आवाज आला. नळाला पाणी यायच्या आधी येतो तसा, लांबलचक.

पानाचा हात थांबवायच्या बटणावर गेला. "साहेब, वरून काहीतरी आवाज आला."

मी छताकडे बघू शकलो असतो. तपासनिसानं छताकडे पाहिलं तर कोणी शंका घेत नाही.

"वरून नाही," मी म्हटलं. "माझा आहे."

चार. तीन. मग मिस्टर मान न वळवता म्हणाले, "मग सील ठोका."

आधी पानाला हसू फुटलं. सेक्रेटरीबाई मिस्टरांवर डाफरल्या आणि डाफरता डाफरताच हसायला लागल्या. मला हसताना पोटावर हात धरावा लागतो, नर्सनं सांगितलंय, तसा दोन्ही हातांनी धरला आणि हसलो. डोळ्यांतून पाणी आलं. त्यातच आणखी एक आवाज आला, पहिल्यापेक्षा मोठा.

तळमजला आला, दार उघडलं, तरी कोणी उतरेना.